ओझोन सोडणारी हवाशुद्धीकरण यंत्रे : धोके आणि सुरक्षित पर्याय

हिवाळ्यात उत्तर भारतातील शहरांवर धुरक्याचा थर साचू लागला की हवाशुद्धीकरण यंत्रांची मागणी वाढते. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती असल्यास अशी खरेदी तातडीने केली जाते. मात्र ‘सक्रिय प्राणवायू’ किंवा ‘पावसानंतरची ताजी हवा’ अशा शब्दांत ज्यांची जाहिरात होते, त्यांपैकी काही यंत्रे हवा गाळत नाहीत, तर खोलीत ओझोन वायू सोडतात.

ओझोनच्या रेणूत प्राणवायूचे तीन अणू असतात. वातावरणाच्या वरच्या थरात हा वायू सूर्याच्या अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो; श्वासावाटे शरीरात गेल्यास मात्र तो घातक ठरतो. त्याच्यामुळे घसा खवखवणे, खोकला, छातीत दुखणे आणि धाप लागणे असे त्रास होतात, फुफ्फुसांची कार्यक्षमता घटते आणि दमा बळावतो.

भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांनुसार बाहेरील हवेत ओझोनचे प्रमाण आठ तासांच्या सरासरीने प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. हे प्रमाण साधारणपणे हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग इतके होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते, आरोग्यास सुरक्षित मानलेल्या मर्यादेतील ओझोन घरातील प्रदूषके दूर करण्यास फारसा उपयोगी पडत नाही. म्हणजेच हा वायू परिणामकारक व्हावा इतका वाढवला, तर तो माणसालाच अपायकारक ठरतो. कॅलिफोर्निया राज्याने २००७ मध्ये नियम मंजूर करून ०.०५ भागांहून अधिक ओझोन निर्माण करणाऱ्या घरगुती यंत्रांच्या विक्रीवर बंदी आणली. हा नियम २०१० पासून लागू आहे.

ओझोन धूलिकण किंवा कार्बन मोनॉक्साइड दूर करत नाही. उलट लिंबाच्या वासाची फरशी पुसण्याची द्रावणे आणि सुगंधी फवारे यांतील रसायनांशी त्याचा संयोग होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. दुर्गंधी गेल्यासारखी वाटली, तरी हवा स्वच्छ झाली असे त्यावरून म्हणता येत नाही. आयन सोडणाऱ्या यंत्रांतून तसेच काही प्रकारच्या अतिनील दिव्यांतूनही उपउत्पादन म्हणून ओझोन बाहेर पडू शकतो.

सुरक्षित उपायांत पहिला क्रम प्रदूषणाचा उगम रोखण्याचा आहे. बंद खोलीत उदबत्ती, धूप व डासांची कॉइल जाळणे तसेच धूम्रपान टाळावे. फोडणी आणि तळण करताना धूर बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवावा. बाहेरील प्रदूषण कमी असेल त्या वेळी खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी.

यंत्र घ्यायचेच असल्यास ‘हेपा’ गाळणी असलेले यंत्र निवडावे. ही गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते. वास आणि काही वायूंसाठी तिच्या जोडीला सक्रिय कोळशाचा थर असावा. यंत्राची क्षमता खोलीच्या आकाराला पुरेशी हवी. १५० चौरस फुटांच्या, नेहमीच्या उंचीच्या खोलीला मिनिटाला सुमारे १०० घनफूट, म्हणजे तासाला साधारण १७० घनमीटर, स्वच्छ हवा देणारे यंत्र लागते. आयन निर्मितीची सोय असल्यास ती बंद ठेवावी आणि गाळणी वेळेवर बदलावी.

कोणतेही घरगुती हवाशुद्धीकरण यंत्र कार्बन मोनॉक्साइडपासून संरक्षण देत नाही. त्यामुळे यंत्र सुरू असले, तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतू शकते. यंत्र लावल्यानंतर झेरॉक्स यंत्राजवळ येतो तसा उग्र वास आल्यास किंवा खोकला वाढल्यास ते लगेच बंद करून खिडक्या उघडाव्यात. काही वेळाने नाकाला या वासाची सवय होते. म्हणून वास जाणवेनासा झाला, तरी धोका टळला असे समजू नये.