मुळावरचा घाव

कर्करोग बरा झाला म्हणून घरी आलेला माणूस काही वर्षांनी पुन्हा रुग्णालयाची पायरी चढतो. तेव्हा घरचे विचारतात, "सगळे काढून टाकले होते ना? मग हे आले कोठून?" या प्रश्नाचा इतिहास मी शोधू लागलो, आणि वाट टोरांटो शहरी जाऊन पोहोचली.

१९६१ साली तेथे जेम्स टिल हे पदार्थवैज्ञानिक आणि अर्नेस्ट मॅक्कुलॉक हे डॉक्टर, मज्जेतील पेशी किती किरणोत्सर्ग सोसतात हे मोजीत होते. किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना त्यांनी निरोगी मज्जा टोचली. सुमारे दहा दिवसांनी प्लीहेवर गाठी दिसल्या. जितक्या अधिक पेशी टोचाव्या तितक्या अधिक गाठी! एकेक गाठ ही एकाच पेशीची संतती, हे १९६३ साली दिसून आले. मूलपेशीचा पुरावा हाती लागला तो असा, दुसरेच काही मोजताना.

१९९४ साली त्याच शहरात जॉन डिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी प्रतिकारशक्ती खुंटलेल्या उंदरांत घातल्या. रोग नव्याने रुजविण्याचे सामर्थ्य सुमारे २,५०,००० पेशींत एकीपाशी निघाले. आपला शेतकरी हे हरळीवरून जाणतो. वरचे गवत कितीही खुरपा, काशा राहिल्या की पहिल्या पावसाला रान पुन्हा हिरवे. नेहमीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. मूलपेशी मात्र पुष्कळदा निजून असते आणि आत शिरलेले औषध बाहेर लोटते.

तिच्यापर्यंत औषध न्यायला वाहन हवे. तेही असेच अवचित सापडले होते. केंब्रिजजवळील बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम यांना १९६०नंतरच्या काही वर्षांत दिसले, की लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात आपोआप सूक्ष्म पिशव्या बनतात. अशा पिशवीत भरलेल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. पिशवीचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. हृदयाला होणारा अपाय तिने कमी केला.

मग अशा कणांवर मूलपेशीची खूण ओळखणारे रेणू चिकटवून प्रयोग सुरू झाले. उंदरांत काही यशस्वीही झाले. तथापि २०१६ साली वॉरेन चॅन यांच्या गटाने, पुन्हा टोरांटोतच, दहा वर्षांचे शोधनिबंध चाळून हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचतात ते साधारणपणे अवघे ०.७ टक्के! शिवाय त्या खुणा निरोगी पेशींवरही असतात. माझी हरळीची उपमाही येथे लंगडी पडते. कारण कर्करोगाची साधी पेशीसुद्धा कधी कधी मूलपेशी बनते, जणू पात्याचीच काशी व्हावी.

घरच्यांच्या प्रश्नाला आज मी निम्मेच उत्तर देऊ शकतो. पुष्कळदा रोग कोठून येतो ते कळले आहे. तेथवर औषध नेण्याची वाट अजून शोधली जात आहे.