कौशल्यशिक्षण आणि व्यसनप्रतिबंध : एका प्रश्नाची दोन अंगे

तरुणांच्या व्यसनाचा प्रश्न आपण दोन खात्यांत वाटून टाकला आहे. कौशल्य विकास विभाग ट्रेड शिकवतो आणि सामाजिक न्याय विभाग व्यसनमुक्तीचे पाहतो. मुलगा मात्र एकच असतो आणि धोका नेमका या दोन खात्यांच्या सीमेवर असतो.

हुंगण्याच्या नशेचे उदाहरण घ्या. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन अशा पदार्थांच्या सेवनाचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के होते, तर प्रौढांत ०.५८ टक्के. मुले प्रौढांच्या पुढे आहेत अशी ही एकच नशा. पदार्थ स्वस्त, विक्री उघड आणि अंमल काही मिनिटांतच उतरत असल्याने पुन्हा पुन्हा हुंगावेसे वाटते. त्यातील टोल्युइनसारख्या द्रावकांमुळे हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. आयटीआयत प्रवेशाचे किमान वय १४ आहे, आणि रंगकामाच्या वर्कशॉपमध्ये थिनर हे रोजचे साहित्य आहे. म्हणजे जिथे आपण मुलाला सावरायला पाठवतो, तिथेच डबा उघडा असतो.

मग जागृतीचे व्याख्यान ठेवले जाते. कवटीचे चित्र, सडलेल्या फुफ्फुसाची स्लाइड, शेवटी शपथ. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ मध्ये प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची सुधारित आवृत्ती काढली. नुसती माहिती देणे आणि भीती घालणे यांचा उपयोग होत नाही, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. मित्राने पुढे केलेली पुडी नाकारायची कशी, याचा सराव मुलांकडून करून घेतला तर फरक पडतो. असा सराव एका दुपारी उरकत नाही. तो वर्षभर त्याच मुलांत वावरणाऱ्या माणसाच्या मदतीनेच होईल, आणि आयटीआयत तो माणूस म्हणजे शिल्पनिदेशक. सोमवारची गैरहजेरी, फाइल चालवताना थरथरणारा हात, लवकर संपणारा थिनर हे सगळे प्रथम त्याच्याच लक्षात येते. त्याने समुपदेशक होऊ नये. पण मुलाला कोणाकडे पाठवायचे, हे त्याला ठाऊक हवेच.

दुसरा भ्रम असा की हाताला काम मिळाले की नशा आपोआप सुटते. शिकाऊ उमेदवाराच्या हाती पहिले विद्यावेतन पडते, तो दिवस नुकत्याच सावरलेल्या मुलासाठी फार अवघड असतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केनेथ सिल्व्हरमन यांनी कामालाच उपचाराचा भाग केले. लघवीची तपासणी नशामुक्त आली तरच प्रशिक्षणार्थ्याला सशुल्क कामावर घेतले जाई. ही अट होती तोवर अनेक जण नशेपासून दूर राहिले. अट सुटल्यावर बरेच जण परतले. माझ्या मते यातला सर्वांत महत्त्वाचा धडा मुदतीचा आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून हेच ओळखले : दाखल उपचार ३५ दिवसांचे, पण पाठपुरावा त्यानंतरही सुरूच. आपले प्रशिक्षण मात्र प्रमाणपत्र हाती देऊन हात झटकते.

ट्रेड निवडतानाही समुपदेशक शेजारी बसलेला हवा. थिनर हुंगणाऱ्या मुलाला पेंटरचा ट्रेड देणे किंवा दारू सोडलेल्याला बारच्या कामावर लावणे ही क्रूरता आहे, मग ती अजाणता का असेना.

पोलिसांच्या भीतीने घरचे लोक उपचार टाळतात. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४ अ सांगते की अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पूर्ण केले पाहिजेत. पालकसभेत हे सांगायला पाच मिनिटे पुरतात.

प्राचार्यांना विनंती एवढीच : थिनरचे कपाट कुलपात ठेवा, त्याची नोंदवही ठेवा, आणि वर्कशॉपमधल्या सुरक्षासूचनांच्या फलकावर व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक लिहा : १४४४६.