जुन्या संगणकासाठी झालेली स्पर्धा

१९५७ साली इंग्लंडमध्ये एक चमत्कारिक स्पर्धा झाली. महाविद्यालयांनी सिद्ध करायचे होते, की आपण एका यंत्राचा सर्वांत उत्तम उपयोग करू. बक्षीस तेच यंत्र : अडीच टन वजनाचा, कालबाह्य झालेला संगणक.

हा संगणक १९५१ मध्ये ऑक्सफर्डजवळील हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन केंद्रात सुरू झाला. त्याची स्मृती होती ‘डेकाट्रॉन’ नावाच्या वायूने भरलेल्या काचनळ्यांची. प्रत्येक नळीत दहा जागा आणि त्यांवरून सरकणारा नारिंगी प्रकाशाचा ठिपका. ठिपका जिथे थांबला, तो अंक. म्हणजे यंत्राच्या पोटात काय चालले आहे, ते समोर उभे राहून वाचता येई!

वेग मात्र अगदीच बेताचा. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद लागत. एकदा एक गणिती हाताने चालवायचे गणनयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यतीला बसला. सुमारे अर्धा तास त्याने बरोबरी साधली, मग थकून हात टेकले. संगणक चालतच राहिला. नाताळच्या सुटीत तर तो किमान दहा दिवस कोणाच्याही देखरेखीवाचून चालल्याची आठवण हार्वेलच्या लोकांनी सांगितली आहे. त्याचे खरे सामर्थ्य या चिकाटीत होते.

पुढे वेगवान यंत्रांचा काळ आला. याला भंगारात काढणेच सोपे होते. पण ऑक्सफर्डच्या गणित संस्थेने वर सांगितलेली स्पर्धा घेतली. ती वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्र महाविद्यालयाने जिंकली. तिथे यंत्राला ‘विच’, म्हणजे चेटकीण, हे नाव मिळाले. माझ्या मते याहून योग्य घर त्याला लाभले नसते. संशोधकाला अडचणीचा वाटणारा मंदपणा विद्यार्थ्याच्या पथ्यावर पडणारा होता, कारण गणिताची एकेक पायरी डोळ्यांदेखत घडे. १९७३ पर्यंत ते तिथे राबले.

नंतर बर्मिंगहॅमचे विज्ञान संग्रहालय. ते १९९७ मध्ये बंद पडले आणि यंत्राचे सुटे भाग कोठारात गेले. पुढे संगणक-इतिहासाचे अभ्यासक केव्हिन मरेल यांना एका छायाचित्रात त्याचे नियंत्रण-फलक ओळखू आले. २००९ मध्ये ते भाग ब्लेचली पार्कच्या आवारातील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात आले. स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून ते जोडले आणि २० नोव्हेंबर २०१२ रोजी ‘विच’ पुन्हा गणिते करू लागली.

याच काळातला केंब्रिजचा ‘एडसॅक’ कितीतरी अधिक वेगवान आणि कीर्तिमान. १९५८ मध्ये तो बंद झाला आणि मोडीत निघाला. पुढे याच संग्रहालयात, जुनी छायाचित्रे आणि उरलेसुरले आराखडे पडताळत, त्याची प्रतिकृती नव्याने उभारण्याचे काम स्वयंसेवकांना हाती घ्यावे लागले.