कोळशाचा पायगुण

माझ्या केसांकडे इतक्या बारकाईने कधी कुणी पाहिलं नव्हतं, लग्न ठरताना सासूबाईंनीसुद्धा नाही. स्कॉटलंडातल्या फाइफच्या किनाऱ्यावर एका बैठ्या घरात मित्राच्या थोरल्या बहिणीने मला दिव्याखाली उभं केलं, न्याहाळलं आणि समाधानाने मान हलवली. पुरुषमाणूस, सावळा, केस काळेभोर. उंचीला जरा कमी, पण चालेल. ३१ डिसेंबरला बाराचे ठोके पडले की त्यांच्या उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल माझं पडायचं होतं. केस कलपाचे आहेत, हे मी काही बोललो नाही.

मैत्री जेमतेम दहा महिन्यांची. २०१९ च्या फेब्रुवारीत नेरळ-माथेरानच्या गाडीत हा माणूस समोरच्या बाकावर होता. निवृत्त शाळामास्तर, आगगाड्यांचं वेड. मी दौंडच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागलो होतो हे कळल्यावर त्याने अमन लॉज येईपर्यंत मला सोडलं नाही. भट्टीत कोळसा कुठे टाकायचा, राख कधी झाडायची, सगळं विचारून घेतलं. उतरताना म्हणाला, हिवाळ्यात घरी ये. आपण ‘या एकदा’ म्हणतो तसंच असेल समजून मी हो म्हटलं, तर पंधरा दिवसांत तारखा विचारणारं पत्र हजर. बायकोचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून एकटाच गेलो.

गेलो तेव्हा नाताळ उलटून गेला होता. वाटलं, सण हुकला. पण त्यांचा खरा सण पुढेच होता: हॉगमनी, म्हणजे वर्षाची अखेरची रात्र. स्कॉटलंडात नाताळाला मान आला तो अगदी अलीकडे. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर तिथल्या कडव्या प्रॉटेस्टंट पाद्र्यांना नाताळ हा पोपचा थाट वाटू लागला. १६४० मध्ये तिथल्या संसदेने नाताळची सुट्टीच काढून टाकली. ती सार्वजनिक सुट्टी म्हणून परत आली १९५८ साली! मित्राचे आजोबा २५ डिसेंबरला नेहमीसारखे डबा घेऊन खाणीत उतरायचे. माणसाला थंडीच्या अंधारात काहीतरी सण लागतोच (तिथे पावणेचारला सूर्य मावळतो), म्हणून खाणंपिणं, भेटीगाठी सगळं नववर्षाकडे सरकलं. १ जानेवारीला वर्ष सुरू करण्यातही हे लोक इंग्लंडच्या पुढे. स्कॉटलंडात १६०० पासून, इंग्लंडात १७५२ पासून.

३१ तारखेची धांदल मला अनोळखी वाटली नाही. घर झाडायचं, पूर्वी चुलीतली राखही काढायची, देणी फेडायची, मग वर्षाला वाट द्यायची. आणि पहिल्या पावलावर, म्हणजे पायगुणावर, त्यांची आपल्याइतकीच श्रद्धा. भुऱ्या केसांचा माणूस नको, तांबड्या केसांचा त्याहून नको, बाईमाणूस तर नकोच. (बहिणीने हे सांगताना डोळे फिरवले, पण नियम मोडायची तिचीही तयारी नव्हती.) भुऱ्या केसांचे व्हायकिंग लुटायला यायचे म्हणून हा नियम, असं सगळे सांगतात. मला ती मागाहून जुळवलेली कथा वाटते. पहिल्या पावलासारखाच मान पहिल्या देण्यालाही: नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी गडीमाणसांना काही द्यायची चाल होती, त्याला ‘हँडसेल’ म्हणत. दुकानदाराच्या दिवसातल्या पहिल्या विक्रीलाही तोच शब्द. मी म्हटलं, ही तर आमची भवानी. मित्राने तो शब्द वहीत उतरवून घेतला.

रिकाम्या हाताने उंबरा ओलांडायचा नसतो. व्हिस्की, मनुकांनी ठासलेला काळा केक आणि कोळशाचा एक खडा न्यायचा. खडा का, तर घरात वर्षभर ऊब राहावी. हा खडा मात्र मला तेवढ्यावर सोडेना.

आदल्याच दिवशी, ३० तारखेला, मित्र मला कूरस गावाला घेऊन गेला होता (स्पेलिंगमध्ये ‘एल’ आहे, तो गिळायचा). सोळाव्या शतकाच्या अखेरीस सर जॉर्ज ब्रूसने इथे समुद्राच्या तळाखालून कोळसा काढला. भरतीच्या पाण्यात दगडी बुरूज बांधून त्यातून खाणीत तोंड काढलं, म्हणजे माल थेट जहाजावर. आत झिरपणारं पाणी उपसायला साखळीला बांधलेल्या बादल्या, फिरवायला घोडे. मित्र हातवारे करून समजावत होता, मी म्हटलं, कळलं, रहाटगाडगं. १६१७ मध्ये राजा सहावा जेम्स ते बघायला आला. १६२५ च्या वादळात समुद्राने सगळं गिळलं.

त्याच राजाच्या काळात, १६०६ मध्ये, एक कायदा झाला होता. जुन्या मालकाच्या दाखल्याशिवाय खाणकामगाराला किंवा मिठागरातल्या मजुराला कुणी कामावर घ्यायचं नाही. पळून गेला तर परत द्यायचा. त्यातून पुढे वेठ पक्की झाली. खाण विकली की माणसंही तिच्याबरोबर जायची. मूल झालं की बाप्तिस्म्याच्या वेळी मालक बापाच्या हातावर इसार ठेवायचा, की ते पोरही खाणीचं. आपल्याकडे इसार जमिनीचा असतो, बैलाचा असतो. १७७८ मध्ये जमैकाहून गुलाम म्हणून आणलेल्या जोसेफ नाइटच्या खटल्यात एडिंबरोच्या न्यायालयाने सांगितलं, स्कॉटलंडच्या कायद्यात गुलामगिरी बसत नाही. तेव्हा फाइफमधले गोरे खाणकामगार पुरते सुटलेले नव्हते. १७७५ च्या कायद्याने दार किलकिलं झालं होतं, उघडलं १७९९ मध्ये. त्यांच्या बायका-मुली त्यानंतरही पाठीवर कोळसा लादून शिड्या चढत होत्या, १८४२ मध्ये बायकांना जमिनीखाली उतरायला बंदी होईपर्यंत.

मी वर्षानुवर्षं फावड्याने कोळसा ओढला. तो निघतो कुठून, कोण काढतो, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आम्ही फक्त चांगला जळतो की भट्टीत चिकटतो एवढंच बघायचो आणि चिकटला की शिव्या घालायचो.

रात्री साडेअकराला बहिणीने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. आत कागदात गुंडाळलेला खडा. हातात घेतला तर वजनाला हलका, कडा झिजून गुळगुळीत, हाताला काळं लागेना. आमच्या शेडमध्ये असा कोळसा मी पाहिला नव्हता. त्यांच्या वडिलांनी तो ईस्ट वीम्सच्या मायकल खाणीतून आणलेला. १९६७ च्या सप्टेंबरात त्या खाणीत आग लागली, नऊ माणसं गेली, खाण बंद झाली. तेव्हापासून घरात हाच खडा. दर ३१ डिसेंबरला मागच्या दाराने बाहेर, पुढच्या दाराने आत, मग पुन्हा डब्यात. घर गॅसवर तापतं. धुराड्याचं तोंड तर कधीचंच बंद केलंय.

मला मागच्या दाराने काढलं. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं, टोपी घालायची नाही, केस दिसले पाहिजेत. फोर्थच्या खाडीत जहाजांचे भोंगे वाजले तसा मी पुढचं दार ठोठावलं. पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘लँग मे यर लम रीक’. तुमच्या धुराड्यातून धूर निघत राहो. बहिणीने माझ्या हातातला खडा घेऊन बंद चुलीवरच्या फळीवर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या रुमालाने माझं कानशील पुसलं. रुमाल काळा झाला.

तिने रुमाल दिव्याखाली धरला.

“कोळशाचं असेल,” ती म्हणाली, आणि माझ्यामागे दार लावून घेतलं.