पारख्याची वाट

बंगळूर शहराच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरांवर आनेकल नावाचे एक तालुक्याचे गाव आहे. एका बाजूस बन्नेरघट्ट्याचे अरण्य, दुसऱ्या बाजूस इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती आणि थोडे पलीकडे गेले की तामिळनाडूची सीमा, असे त्याचे स्थान आहे. जुने गाव आणि नवे कारखाने या भागात शेजाऱ्यांसारखे नांदतात. रविवारी सकाळी अशा कोणत्याही गावाच्या मोकळ्या माळावर गेले, तर तेथे मुले क्रिकेट खेळताना दिसावयाचीच. चेंडू टेनिसचा, यष्ट्या हाती लागतील त्या काठ्यांच्या, आणि खेळपट्टी पायांनी मळून तयार झालेली.

याच बंगळूरच्या उत्तर अंगाला, देवनहळ्ळीच्या बाजूस, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे नवे प्रशिक्षण केंद्र २०२४ साली सुरू झाले. तीन मैदाने आणि सरावाची अद्ययावत साधने तेथे आहेत. एकाच शहराच्या परिघातली ही दोन टोके. आनेकलच्या माळावरच्या एखाद्या मुलाच्या मनगटात काही असामान्य असेल, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला नेणार कोण? रस्ता आहे, बसगाड्याही आहेत. परंतु त्या मुलाला प्रथम कोणीतरी पाहावे लागते. असे पाहणाऱ्यांच्या, म्हणजे खेळातील पारख्यांच्या, इतिहासाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

पारख हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून प्रथम नावारूपाला आणला तो अमेरिकेतील बेसबॉलने. तेथील मोठ्या संघांचे पारखी गावोगावच्या हौशी सामन्यांना आणि माइनर लीग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुय्यम स्पर्धांना हजर राहतात. फटक्यातील अचूकता, फटक्यातील बळ, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेकीचा जोर, या पाच गुणांवर ते प्रत्येक मुलाला तोलतात. सेंट लुइसच्या संघाचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकी या गृहस्थाने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात दुय्यम संघांची एक मालिकाच उभी केली. तयार खेळाडू महाग दराने विकत घेण्यापेक्षा कोवळी मुले हेरावीत आणि आपल्याच वाफ्यात वाढवावीत, हा त्याचा हिशेब होता. तो यशस्वी ठरला.

तथापि या चोख व्यवस्थेला एक मोठा आंधळा कोपरा होता. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्वतंत्र स्पर्धा वर्षानुवर्षे चालू होत्या, त्यांत उत्तमोत्तम खेळाडू होते, आणि मोठ्या संघांच्या हिशेबी ते जणू अस्तित्वातच नव्हते. पुढे ब्रुकलिनच्या संघाकडे आलेल्या याच रिकीने १९४५ साली आपल्या पारख्यांना त्या मैदानांकडे धाडले, आणि १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला. गुण पूर्वीही होता. पारख्याची वाट मात्र त्या मैदानापर्यंत जात नव्हती.

हा आंधळा कोपरा आपल्याकडे नव्हता, असे समजण्याचे कारण नाही. पाळवणकर बाळू यांचा जन्म धारवाडचा. जातीने ते तथाकथित अस्पृश्य गणले गेलेल्या समाजातले. पुण्यास इंग्रजांच्या क्लबात महिना ४ रुपये वेतनावर खेळपट्टी राखणे, जाळे बांधणे, ही त्यांची चाकरी. तेथे ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी इतरांच्या आधी सरावाला येत, आणि त्यांना चेंडू टाकण्याचे काम बाळूंकडे असे. डावखुऱ्या बाळूंच्या फिरकीचे मर्म ज्याने प्रथम ओळखले तो असा बॅट हाती घेतलेला परदेशी मनुष्य होता. कारण चेंडूला जात विचारण्याची त्याला गरज नव्हती, आपला बचाव कसा करावा एवढीच त्याची विवंचना होती.

पुण्याच्या हिंदू संघात बाळूंना घ्यावे की न घ्यावे, यावर मात्र खल झाला. घेतल्यावरही चहा वेगळ्या भांड्यातून, तोही मंडपाबाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी मिळवले. इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. पारखणे आणि मान्य करणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे बाळूंच्या चरित्रावरून कळते. डोळा पाहतो, पण मन कबूल करीत नाही, अशी अवस्था समाजात फार काळ टिकू शकते.

यानंतर मुंबईकडे वळू. मुंबईने पारख ही गोष्ट कोणा एका माणसावर सोपवलीच नाही. ती तिने मैदानांवर सोपवली. शालेय मुलांसाठी हॅरिस ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, जाइल्स ढाल तिच्या पाठोपाठ आली, आणि १९४८ पासून ऐन पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर कांगा लीगचे सामने होऊ लागले. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालतात, की एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टीमागे उभा असावा. जुने खेळाडू, पंच, वार्ताहर, कचेरी सुटल्यावर क्षणभर रेंगाळलेले रसिक, हे सारेच तेथे पारखी. एखाद्या शाळकरी मुलाने शतक झळकावले, की ती वार्ता संध्याकाळच्या लोकलने दादरला पोहोचे.

अशा पारख्यांत रमाकांत आचरेकर हे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. अजित तेंडुलकर आपल्या धाकट्या भावाला त्यांच्याकडे घेऊन गेले, तेव्हा गुरूच्या नजरेखाली तो मुलगा बावरला आणि त्याला नीट खेळता येईना. त्याला काही वेळ दुरून, झाडाआडून पाहावे, अशी विनंती अजितनी केली, आणि आचरेकरांनी ती मानली, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. मला ती फार अर्थपूर्ण वाटते. पाहिले जात आहे या जाणिवेनेच कोवळा गुण आखडतो. म्हणून खरा पारखी स्वतःला थोडा दडवतो, आणि पहिल्या चुकीवरून निकाल देत नाही. पुढे आचरेकरांच्याच सल्ल्याने सचिनची शाळा बदलली गेली, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी हॅरिस ढालीच्या सामन्यात ६६४ धावांची अभंग भागीदारी केली.

मुंबईच्या या पद्धतीचे फळ म्हणजे १९५८-५९ पासून सलग १५ वर्षे तिच्याकडे राहिलेला रणजी करंडक. ही मालिका १९७४ साली खंडित झाली ती बंगळूरच्या मैदानावर, आणि खंडित केली ती कर्नाटकाने. त्या उपांत्य सामन्यात प्रसन्नांनी गावस्करांचा त्रिफळा उडवला. कर्नाटकाने पुढे अंतिम सामन्यात राजस्थानावर मात करून करंडक प्रथमच आपल्या घरी नेला. हा योगायोग नव्हता. कर्नाटकातही डोळस माणसे कामाला लागलेली होती.

त्यांच्या पारखीचा मासला पाहावयाचा तर म्हैसूरच्या भागवत चंद्रशेखर यांचा पाहावा. लहानपणी पोलिओने त्यांचा उजवा हात कृश झाला. कागदी निकष लावणाऱ्याने त्यांना पहिल्याच चाळणीत बाजूस काढले असते. परंतु तोच दुबळा हात वेगळ्याच लवचिकपणे फिरतो आणि लेगब्रेक-गुगली अनपेक्षित वेगाने टाकतो, हे पाहणाऱ्यांनी पाहिले. १९६३ साली ते म्हैसूर राज्याच्या संघात आले आणि जानेवारी १९६४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मुंबईस इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले. त्यांच्या नावावर पुढे २४२ कसोटी बळी जमा झाले. ज्याला वैगुण्य म्हणावे त्यातच सामर्थ्य दडलेले असू शकते, हे ओळखण्याला नुसते मोजमाप पुरत नाही.

बंगळूरच्या एका मराठी घरातला राहुल द्रविड शाळेत यष्टिरक्षण करीत असे. चिन्नास्वामी मैदानावरच्या उन्हाळी शिबिरात केकी तारापोर या प्रशिक्षकांनी त्याच्यातला फलंदाज ओळखला. तारापोर, विश्वनाथ प्रभृती जाणत्यांनी त्याला यष्टिरक्षण सोडून फलंदाजीकडे लक्ष देण्याचा सल्ला दिला. गुण कोठे आहे हे सांगण्याइतकेच तो कोठे नाही हे सांगणेही पारख्याचे कर्तव्य असते. म्हैसूरच्या जवगल श्रीनाथलाही एका क्लब सामन्यात गुंडप्पा विश्वनाथांनीच हेरले, आणि १९८९-९० च्या हंगामात हैदराबादविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्याने तीन चेंडूंत तीन गडी बाद केले. स्वतः शैलीदार फलंदाज असलेल्या विश्वनाथांनी वेगवान गोलंदाज निवडावा, यात त्यांच्या दृष्टीची व्याप्ती दिसते.

तरीसुद्धा मुंबई काय किंवा बंगळूर काय, ही थोरली शहरे होत. मुलाने शहरात यावे, म्हणजे आम्ही त्याला पाहू, अशी त्यांची रीत. अहमदनगर जिल्ह्यातील, आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील, श्रीरामपूरच्या झहीर खानला म्हणूनच घर सोडून मुंबईस यावे लागले. तेथे सुधीर नाईक यांचा आधार मिळाला, मद्रासच्या वेगवान गोलंदाजी केंद्राचे टी. ए. शेखर यांनी त्याला हेरून आपल्याकडे नेले, आणि बडोद्याकडून खेळून तो २००० साली भारतीय संघात पोहोचला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. पण श्रीरामपूरचा जो दुसरा मुलगा मुंबईचे भाडे देऊ शकला नाही, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि कधी ठाऊक होणारही नाही.

ही उणीव ओळखून २००२ साली नियामक मंडळाने गुणशोधाची एक स्वतंत्र शाखा उघडली. कल्पना मुंबईचे क्रीडापत्रकार मकरंद वायंगणकर यांची, आणि प्रमुख दिलीप वेंगसरकर. जुन्या खेळाडूंना पारखी नेमून त्यांना लहान शहरांतल्या सामन्यांना पाठवावयाचे, हे तिचे सूत्र. बंगालचे माजी खेळाडू प्रकाश पोद्दार असेच जमशेदपूरला गेले. वेंगसरकरांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की पोद्दार पाहावयास गेले होते कुमारांचा सामना. पण शेजारच्या मैदानावरून चेंडू वारंवार बाहेर येऊन पडू लागले. हे फटके कोण मारतो म्हणून त्यांनी चौकशी केली, तो रांचीचा महेंद्रसिंग धोनी. वय २१, आणि योजनेची मर्यादा १९. पोद्दारांनी आग्रह धरला, आणि नियम थोडा वाकवण्यात आला. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडे मैदानावर ज्या षटकाराने विश्वचषक भारतात आला, त्याच्या मुळाशी एका निवृत्त खेळाडूचे हे कुतूहल होते. ही शाखा मात्र काही वर्षांतच बंद पडली. चांगल्या सवयी लावून घेण्यास आपल्याला वेळ लागतो; मोडण्यास लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर ही वाट आणखी उशिरा उघडली. सांगलीच्या स्मृती मानधनाला प्रथम मैदान दिसले ते भावाच्या सरावामुळे. तिचे दैव असे की घरातलेच डोळे उघडे होते, आणि नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात आली. तिच्या नेतृत्वाखाली २०२४ साली बंगळूरच्या संघाने महिलांची प्रीमियर लीग जिंकली. ज्या घरात भाऊ खेळत नाही त्या घरातल्या मुलीला कोण पाहणार, हा प्रश्न शिल्लकच आहे.

पारखीच्या व्यवहाराला दुसरीही एक बाजू आहे. २००८ साली अमेरिकेतल्या काही मंडळींनी बेसबॉलसाठी आपल्या देशात वेगवान फेक करणारे तरुण शोधले. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू त्यांना सापडले, आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारबद्ध केले. बेसबॉल त्यांनी पूर्वी हाती धरलाही नव्हता. ते दुय्यम लीगमध्ये खेळले. मोठ्या लीगपर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचला नाही. ही खेळाची नेहमीचीच रीत होय. निवडलेल्यांतलेही बहुतेक वाटेतच राहतात. म्हणून ज्याने एखाद्या मुलाला घरातून, शाळेतून उचलून मैदानावर आणले, त्याच्यावर त्या मुलाच्या अपयशाचीही थोडी जबाबदारी येते. त्याची शाळा सुटू नये, परतीचे दार उघडे राहावे, एवढे पाहणे हाही पारखीचाच भाग समजला पाहिजे.

श्रोतेहो, धारवाडचे बाळू, म्हैसूरचे चंद्रशेखर, श्रीरामपूरचा झहीर, रांचीचा धोनी. या साऱ्यांच्या कथा आपण यशाच्या कथा म्हणून ऐकतो. त्या कुणीतरी वाट वाकडी करून पाहिल्याच्या कथाही आहेत. आज चित्रफिती आहेत, चेंडूचा वेग मोजणारी यंत्रे आहेत, आणि त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु यंत्र तेथेच मोजते जेथे कोणीतरी ते नेऊन ठेवलेले असते. देवनहळ्ळीचे केंद्र उत्तम आहे. त्याची खरी परीक्षा तिथल्या खेळपट्ट्यांवर होणार नाही. ती आनेकलसारख्या गावाच्या माळावर होईल. एखाद्या रविवारी तेथे कडेच्या झाडाखाली एखादा वृद्ध खेळाडू वही घेऊन निमूट बसलेला दिसला, आणि मुलांना त्याचा पत्ताही लागला नाही, तर ती वाट आनेकलपर्यंत पोहोचली असे खुशाल समजावे.