शोकाच्या घरातील नृत्यसंगीत

पवित्र मरियेच्या जन्माचा सण आपण ८ सप्टेंबर रोजी साजरा करतो. १८४१ साली याच दिवशी बोहेमियातील नेलाहोझेवेस या खेड्यात, खाटीककाम करून खानावळ चालविणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी आन्तोनिन द्वोर्झाक यांचा जन्म झाला. गावच्या नाचाला साथ करणारे व्हायोलिन त्यांच्या हाती बालपणीच आले. पुढे प्रागमध्ये ते नृत्यवृंदात वाजवू लागले आणि १८७४ पासून संत आडाल्बर्ट यांच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकही झाले.

१८७५ साली त्यांची नवजात कन्या दगावली. १८७७ च्या ऑगस्टमध्ये दुसरी कन्या गेली आणि ८ सप्टेंबरला, पित्याच्या वाढदिवशीच, थोरला मुलगा देवीच्या साथीत निवर्तला. घरात एकही मूल उरले नाही. तेव्हा द्वोर्झाक यांनी अपुरे राहिलेले 'स्टाबात मातेर' पुन्हा हाती घेतले व नोव्हेंबरमध्ये पूर्ण केले. क्रुसाखाली उभ्या असलेल्या दुःखी मातेचे हे स्तोत्र उपवासकाळात आपल्याही परिचयाचे आहे.

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ब्राम्स यांच्या शिफारशीवरून, बर्लिनचे प्रकाशक सिमरॉक यांनी त्यांच्याकडे नृत्ये मागितली. अशा रीतीने आठ 'स्लाव्ह नृत्ये' जन्मास आली. त्यांपैकी तीन १६ मे १८७८ रोजी प्रागमध्ये आडोल्फ चेक यांच्या संचालनाखाली वाद्यवृंदाने प्रथम सादर केली.

ब्राम्स यांनी आपल्या हंगेरियन नृत्यांत प्रचलित चाली घेतल्या होत्या. द्वोर्झाक यांनी लोकनृत्यांचा ठेका तेवढा घेतला, चाली स्वतःच्या रचल्या. 'फुरियांट' या नृत्यात दोन आणि तीन मात्रांचे आघात एकमेकांना छेद देतात, म्हणून ऐकणाऱ्याचे पाऊल क्षणभर चुकते. 'सोउसेदस्का' म्हणजे शेजाऱ्यांचे नृत्य. त्याची चाल संथ व तीन मात्रांची. जर्मन भाषेच्या वर्चस्वाखालील चेक समाजाचे खेड्यातील नृत्य असे मैफलीत मानाने उभे राहिले.

हा आनंद शोक विसरल्यामुळे आला, असे आम्हांस वाटत नाही. दुसरे नृत्य 'दुमका' जातीचे आहे. त्यात खिन्न स्वर आणि उसळता हर्ष आळीपाळीने येतात. दुःख ओलांडून जाणारा आनंद दुःखाला घराबाहेर घालवीत नाही, त्याला शेजारी बसवून घेतो. त्याच वर्षी जूनमध्ये त्या घरात पुन्हा पाळणा हलला.

द्वोर्झाक आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी देवाचे आभार लिहीत असत. आपल्याही घरांत मरण येते आणि लग्नाचे वाजंत्रीही येते. दोन्ही प्रसंगी आभाराचे ते शब्द आपल्या ओठी यावेत, एवढीच आमची प्रार्थना.