चौदाचा प्लग, सव्वाचा आटा

आटे गेले की ते आधी हाताला कळतं. बोल्ट आवळताना पान्याला होणारा विरोध वाढत जायला हवा. तो वाढतो, आणखी वाढतो आणि मग एकदम नाहीसा होतो. पाना नुसताच गरगर फिरायला लागतो.

२०२३ च्या सप्टेंबरमधल्या एका रविवारी हे माझ्या हाताला कळलं. गाडी आजोबांची, १९८८ ची प्रीमियर पद्मिनी. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली होती आणि त्याआधी इंजिनाची थोडी साफसफाई करावी म्हणून मी चारही स्पार्क प्लग बदलायला घेतले होते. तिसरा प्लग जरा वाकडा लागला. जड फिरत होता. मला वाटलं, गंज असेल. म्हणून पान्याच्या दांड्यात पाईप घालून जोर लावला. प्लग बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस अडकलेला होता. प्लग पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोघांच्या भांडणात कोण हरणार हे ठरलेलंच.

बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बघत होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "देऊन टाकू आता भंगारात. माझ्याच्यानं होत नाही आणि तुला वेळ नाही."

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्याला भोक पाडून त्यात आटे पाडण्याचा एक जॉब केला होता, तेवढाच माझा या विषयाशी संबंध. तो जॉबही निम्मा मित्राने करून दिलेला.

संध्याकाळी आजोबांच्या वेळचे मेस्त्री आले. आता ते गॅरेज चालवत नाहीत, पण या गाडीसाठी येतात. त्यांनी भोकात टॉर्च मारली, करंगळी फिरवली आणि म्हणाले, "हेड टाकायचं काही कारण नाही. कॉइल बसवू. चौदा एमएम, सव्वा पिच. नाना पेठेत मिळेल." त्यांनी गाडीचं मॉडेल पाहिलं नाही, कंपनीचं पुस्तक विचारलं नाही. चौदा आणि सव्वा, बास.

प्रीमियर पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना कधीच थंडावला. मग तिचं माप एका म्हाताऱ्या मेस्त्रींच्या तोंडी आणि नाना पेठेतल्या एखाद्या दुकानाच्या खणात अजून कसं काय जिवंत आहे? त्या रात्री मी वाचत बसलो ते याचं उत्तर शोधण्यासाठी.

*

दोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्नच उद्भवला नसता, कारण तेव्हा मापच नव्हतं. प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. कित्येकदा एकाच यंत्राच्या दोन बोल्टांचे नटही अदलाबदल करता येत नसत. यंत्र खोलताना कुठला नट कुठल्या बोल्टचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत.

हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराने १८०० च्या आसपास अचूक आटे पाडणारं लेथ मशीन बनवलं आणि निदान आपल्या कारखान्यापुरती मापं एकसारखी केली. त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्यांपैकी एक जोसेफ व्हिटवर्थ. पुढे मँचेस्टरमध्ये स्वतःचा कारखाना काढलेल्या या माणसाने १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एक निबंध मांडला: सगळ्या देशात एकच आटा असावा.

मला त्याची पद्धत सगळ्यात जास्त आवडली. त्याने खोलीत बसून आदर्श आटा शोधला नाही. इंग्लंडभरातल्या जमतील तितक्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले आणि त्यांची सरासरी काढली. कोन ठरला ५५ अंश, आट्यांची टोकं गोलसर. कुणाचाच आटा तंतोतंत निवडला गेला नाही, पण कुणालाच फार लांब जावं लागणार नव्हतं. रेल्वे कंपन्यांनी हे माप उचललं आणि ते साम्राज्याबरोबर जगभर गेलं.

तुमच्या घरातही ते आहे. अर्धा इंची नळ बसवताना प्लंबर ज्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो, ते व्हिटवर्थच्या ५५ अंशांचेच आटे. आपण दूध लिटरमध्ये आणि कापड मीटरमध्ये घ्यायला लागून साठाहून अधिक वर्षं झाली, पण नळ अजून इंचातच आहे. भिंतीतले सगळे पाईप एका रात्रीत कोण बदलणार?

अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, सपाट टोकांचा आटा सुचवला. त्याचं म्हणणं असं, की ५५ अंश मोजायला कठीण आणि गोल टोकं घडवायला कुशल हात लागतात; ६० अंशांचा सपाट आटा साधा कामगार साध्या हत्याराने पाडू शकतो. मुद्दा बिनतोड होता. पण त्याने जगात आता दोन भाषा झाल्या. १८९८ मध्ये झुरिकच्या परिषदेत युरोपीय देशांनी मिलिमीटरमधला आटा ठरवला. त्याचाही कोन ६० अंश, पण मापं वेगळी. म्हणजे तीन भाषा.

एकमत नसण्याची किंमत फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराने मोजली. शहराच्या मध्यभागी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून आगीचे बंब आले, पण अनेकांच्या पाईपांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यांवरच्या नळांना बसेनात. पाणी होतं, बंब होते, माणसं होती. आग सुमारे तीस तास चालली आणि दीड हजारांवर इमारती गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात हाच घोळ मोठ्या प्रमाणावर झाला. ब्रिटनचं मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं, तेव्हा सुटे भाग दोन्हीकडे चालावेत म्हणून ब्रिटिश आटेच ठेवायचे ठरले. ते पाडणारे टॅप अमेरिकेत मिळेनात, म्हणून पॅकार्डने ते स्वतःच बनवले. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एका समाईक आट्यावर सह्या केल्या. व्हिटवर्थच्या देशाने शेवटी ६० अंश मान्य केले.

*

माझ्या भोकापर्यंत यायला आणखी एक वळण आहे. हॉचकिस या फ्रेंच शस्त्र-कंपनीने पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत कारखाना काढला होता. युद्ध संपल्यावर तिथे मोटारींची इंजिनं बनू लागली आणि १९२३ मध्ये मॉरिस मोटर्सने तो विकत घेतला. पण यंत्रं होती मिलिमीटरचे आटे पाडणारी, आणि इंग्लंडमधल्या गॅरेजात पाने होते इंचांचे. यावरचा तोडगा असा: बोल्टचे आटे मिलिमीटरमध्ये, बोल्टचं डोकं मात्र व्हिटवर्थच्या पान्याला बसेल अशा मापाचं. मॉरिसच्या कुटुंबातल्या एमजी गाड्यांच्या इंजिनांत ही गंमत १९५० च्या दशकापर्यंत चालू राहिली. जुन्या एमजीच्या मालकांची त्यामुळे अजून फजिती होते.

हे वाचताना मला रात्री एकटंच हसू आलं. आतला कोड बदलला तरी वापरणाऱ्याला जुनीच बटणं दिसली पाहिजेत, हे आम्ही ऑफिसात रोज करतो आणि आपल्याला काहीतरी नवीन सुचलं असं समजतो.

स्पार्क प्लगची गोष्ट आणखी विलक्षण आहे. सुरुवातीला त्याचीही मापं ढीगभर होती: कुठे १८ मिलिमीटर, कुठे इंचाचे सात अष्टमांश. हळूहळू १४ मिलिमीटर व्यास आणि १.२५ मिलिमीटर पिच, म्हणजे एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर आत, हे माप जगभर रुळलं. ज्या ब्रिटिश गाड्यांचे बाकी सगळे आटे इंचांत होते, त्यांच्याही हेडमध्ये प्लग मात्र मिलिमीटरचाच.

पद्मिनीला ही अडचण नव्हतीच. तिचा वंश तुरिनच्या फियाट ११०० चा, त्यामुळे आटे मिलिमीटरचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली आणि १९७४ मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. दुसरीकडे ॲम्बॅसिडर आली मॉरिस ऑक्सफर्डवरून, इंचांची मापं घेऊन. आपल्या जुन्या मेस्त्रींच्या पेटीत पान्यांचे दोन संच असायचे, त्याचं कारण हे. एक संच तुरिनचा, एक ऑक्सफर्डचा.

*

पुढच्या रविवारी मेस्त्री कॉइल घेऊन आले. दिसायला ती बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखी, पण तिची तार गोल नसते. स्टेनलेस स्टीलच्या तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा असतो. त्यामुळे गुंडाळलेल्या तारेची बाहेरची धार हेडमधल्या आट्यात बसते आणि आतल्या धारेने प्लगसाठी नवा आटा तयार होतो. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमानांमुळे पसरली. हलक्या धातूची इंजिनं सारखी खोलावी लागत आणि दर वेळी त्यांचे आटे झिजत.

मेस्त्रींनी आधी पिस्टन खाली नेला. टॅपच्या खाचांमध्ये ग्रीस भरलं, म्हणजे कीस सिलिंडरमध्ये न पडता ग्रीसला चिकटतो. हा टॅप चौदापेक्षा मोठा. तो मोडके आटे खरवडून काढतो आणि कॉइलच्या बाहेरच्या मापाचे नवे पाडतो. त्यांनी टॅप माझ्या हातात दिला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस. "सरळ आहे का बघ," ते सारखे म्हणत होते. टॅप वाकडा गेला तर दुसरी संधी नाही. माझ्या पाठीला घाम फुटला होता. कोड चुकला तर मागे घेता येतो. ॲल्युमिनियम मागे घेता येत नाही.

मग कॉइल फिरवत आत बसवली. ती बसण्याआधी जरा मोठी असते. भोकात आवळली जाते आणि स्वतःच्या ताणानेच जागेवर राहते. ती घट्ट बसणं गरजेचं, कारण प्लगची बरीचशी उष्णता आट्यांतूनच हेडमध्ये जाते. बाकी तीन भोकांपेक्षा हे भोक आता जास्त मजबूत आहे, असं मेस्त्री म्हणाले. ते खरंच आहे. ॲल्युमिनियमवरचा भार आता मोठ्या व्यासाच्या आट्यांवर पसरतो आणि प्लग घासतो तो स्टीलवर.

या दुरुस्तीत मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट दिसली ती ही: भोक बाहेरून मोठं झालं, पण आतून चौदा आणि सव्वाच राहिलं. मोठं भोक पाडून मोठा प्लग बसवणं सोपं वाटेल. पण मग या गाडीला आयुष्यभर वेगळा प्लग शोधावा लागला असता. मॉडस्लेच्या आधीच्या काळात गेल्यासारखं झालं असतं.

मी दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं एक ॲप आज चालत नाही. ते ज्या सेवेवर उभं होतं, ती एका कंपनीने बंद केली. ते माप एकट्या कंपनीच्या मालकीचं होतं, म्हणून तिच्याबरोबर गेलं. चौदा आणि सव्वा कुणाच्याच मालकीचं नाही. तुरिनचं ते मॉडेल गेलं, कुर्ल्याचा कारखाना गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही गेली. प्लग मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

कीस पुसून, प्लग न लावता इंजिन थोडं फिरवून आतलं उडवून टाकलं. मग मी नवा प्लग घेतला आणि सवयीने पान्याकडे हात नेला.

"हाताने," व्हरांड्यातून बाबा म्हणाले. "तुझे आजोबा आधी हातानेच बसवायचे. तो आपला आपण आत गेला पाहिजे."

मी पाना खाली ठेवला. प्लग बोटांनी फिरवला. एक फेरा, दुसरा, तिसरा. कुठेही न अडता तो खाली जाऊन टेकला. शेवटचा अर्धा फेरा तेवढा पान्याने.

किल्ली मी बाबांच्या हातात दिली. काठी दाराला टेकवून ते गाडीत बसले. गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. ते बराच वेळ तसेच बसून राहिले, इंजिन ऐकत.

नोंदणी पाच वर्षांनी वाढली आहे.